ठराव पाळणारा झरा

पालिकेच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पूर्वी भंगार ट्रक आणि उनाड कुत्री यांच्याशिवाय कोणी फिरकत नसे. आता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. बाटल्या, कॅन, बादल्या घेऊन माणसं रांगेत उभी होती आणि रांगेच्या टोकाला एका खड्ड्यात जमिनीतून बुडबुड पाणी वर येत होतं.

खड्ड्याशेजारी पांढऱ्या कफनीतला पाणाड्या बसला होता. नवी विहीर कुठे खणायची हे सांगायला पालिकेनेच त्याला बोलावलं होतं. बेचक्याची काठी दोन्ही मुठींत धरून तो गावभर हिंडला आणि काठी झुकली ती नेमकी इथे. जरासं खणलं तर पाणी! पाणाड्याचा त्याच दिवशी जलबाबा झाला.

"मी कोण? मी कोणीच नाही," बाबा डोळे मिटून सांगायचा. "धरतीच्या नाड्या माझ्याशी बोलतात. या पाण्यात भूगर्भातली चुंबकीय ऊर्जा आहे. पोटदुखी, सांधेदुखी, कोर्टकचेरी, सगळ्यावर चालतं." कोर्टकचेरीवर पाणी कसं चालतं हे विचारायची कोणाची छाती नव्हती, कारण विचारणाऱ्याला रांगेच्या शेवटी पाठवलं जाई.

डॉक्टरीणबाई रोज या गर्दीतून वाट काढत टेकडीवरच्या दवाखान्यात जायच्या. टेकडीवरच्या वस्तीच्या त्या नगरसेविकाही होत्या. वस्तीत नळ होते, पण पाणी आलंच तर करंगळीएवढं. लोक ओढ्यातून पाणी भरत आणि जुलाबाने मलूल झालेली पोरं बाईंकडे आणत. नुकतंच एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं तान्हं बाळ सलाइनवर कसंबसं वाचलं होतं. सभागृहात घसा कोरडा करून बाईंनी वस्तीच्या गंजलेल्या पाइपलाइनसाठी निधी राखून घेतला होता. आणि आता नगराध्यक्षांनी विषय मांडला, की तो निधी झऱ्याच्या संगमरवरी कुंडाकडे वळवावा.

"आणि टेकडीवरच्या लोकांनी काय प्यायचं?" बाईंनी विचारलं.

"बाई, साक्षात धरतीमाता पाणी द्यायला लागली, आता पाइप कशाला?" नगराध्यक्ष म्हणाले.

बाकं वाजली. बांधकाम सभापतींना कुंडाभोवती रंगीत दिवे हवे होते. विरोधी पक्षनेत्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कडाडून पाठिंबा दिला, फक्त कोनशिलेवर आपलं नाव मोठ्या अक्षरात असावं एवढी माफक सूचना केली. पायाभरणीच्या संध्याकाळी झऱ्याकाठीच विशेष सभा भरवायची आणि तिथेच निधी वळवायचा, असं ठरलं. बाईंचा संताप झाला. बाळाच्या सुकलेल्या ओठांपुढे दिव्यांचे रंग ठरवणाऱ्या माणसांशी कोणत्या भाषेत बोलावं हे त्यांना कळेना.

घरी आल्या तर सासूबाई झऱ्याची बाटली घेऊन बसलेल्या. गुडघे कसे हलके झाले याचं वर्णन सुरू होतं. बाईंनी बाटली नाकाशी नेली. वास ओळखीचा होता. पाण्यात जंतुनाशक आहे की नाही ते तपासायचं औषध त्यांच्या बॅगेत असायचंच. त्याचे थेंब टाकताच पाणी पिवळं झालं.

"आई, यात पालिकेच्या टाकीतलं जंतुनाशक आहे."

"असू दे की. देवालासुद्धा स्वच्छता आवडते," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी तक्रार केली, की झरा पूर्वी सकाळी यायचा, हल्ली संध्याकाळीच येतो. बाबा म्हणाले, त्याची समाधी लांबली.

बाई खुर्चीतच ताठ झाल्या. पाण्याच्या आवाजाने नगराध्यक्षांची सकाळची झोप मोडते, म्हणून गावाचा पाणीपुरवठा सकाळऐवजी संध्याकाळी करायचा ठराव पालिकेने नुकताच केला होता. झऱ्याची समाधी बरोबर त्याच दिवशी लांबली होती. शिवाय टेकडीला जाणारा जुना पाइप पालिकेमागच्या त्याच जागेखालून जात होता.

त्यांनी पाणीपुरवठा अभियंत्याला गाठलं. त्याने आधी दार लावलं आणि मग कबूल केलं, की तो पाइप तिथेच फुटला असावा असा आपल्यालाही संशय आहे. "पण मॅडम, बाबांची काठी माझ्या नोकरीपेक्षा मजबूत आहे," तो म्हणाला.

सभेत हे सांगून उपयोग नव्हता. बाबाने त्याचीही लीला केली असती. म्हणून बाईंनी पालिकेचीच रीत वापरली. सभेच्या शेवटी ऐनवेळचे विषय येतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष चहाकडे असतं. सचिव 'वाचले असे समजून' म्हणतात आणि हात वर होतात. पायाभरणीआधीच्या सभेत बाईंनी एक ओळीचा विषय दिला, पायाभरणीच्या दिवसापासून पाणीपुरवठा पुन्हा सकाळी करावा. नगराध्यक्षांनी एका हाताने बिस्किट बुडवलं आणि दुसऱ्या हाताने झोपमोड मंजूर केली.

पायाभरणीला सगळं गाव लोटलं. बाबाने काठी उगारली, मंत्र पुटपुटला, खड्ड्यात डोकावला. खड्ड्यात नुसता चिखल होता. बाबाचा मंत्र लांबला, नगराध्यक्षांचं हसू आखडलं.

"इथे कोणीतरी अश्रद्ध उभं आहे," बाबा अखेर गरजला. "त्याला पाहून झरा रुसला."

"ती मीच," डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "पण झरा रुसलेला नाही. तो आज सकाळी येऊन गेला, कारण आपण तसा ठराव केला. या गावात पालिकेचे ठराव इतके काटेकोर पाळणारा हा एकटाच."

त्यांनी अभियंत्याला टेकडीच्या पाइपचा व्हॉल्व उघडायला सांगितला. थोड्या वेळाने खड्ड्यात गुडगुड झाली आणि पाणी उसळलं. व्हॉल्व बंद केला, पाणी ओसरलं. तरीही कुजबुज थांबेना, तेव्हा बाईंनी नगराध्यक्षांनाच व्हॉल्वचं चाक फिरवायला लावलं. झरा त्यांच्याही हाताने आला आणि त्यांच्याच हाताने गेला.

मग त्यांनी बाबाची काठी मागून घेतली. बेचक्याची दोन टोकं मुठींत ताणून धरली, मनगटं कळेल न कळेल इतकी वळवली आणि काठी झटकन खाली आली, तीही व्यासपीठाच्या सतरंजीवर. "ऐन उन्हाळ्यात या एकाच जागेवर गवत हिरवं होतं. ते बघायला काठी कशाला लागते?" डोळे बांधून पुन्हा पाणी शोधाल का, असं त्यांनी बाबाला विचारलं. बाबाला दुसऱ्या गावचं तातडीचं बोलावणं आठवलं.

"मग माझे गुडघे कसे बरे झाले?" गर्दीतून सासूबाईंनी सुनेला जाब विचारला.

"आई, पूर्वी खुर्चीतून उठत नव्हतात. आता रोज इथपर्यंत चालत येता."

लोक हसले. हसू विरलं तेव्हा टेकडीवरची ती शिवणकाम करणारी बाई बाळाला छातीशी धरून पुढे आली.

"म्हणजे आमच्या नळाला येत नव्हतं, ते पाणी हे?" तिने विचारलं.

रांगेतल्या काहींनी हातातले कॅन खाली ठेवले. निधी पाइपलाइनलाच राहावा, असा विषय बाईंनी तिथेच मांडला. सचिव सवयीने 'वाचले असे समजून' म्हणणार, तोच लोकच ओरडले की वाचा, मोठ्याने वाचा. तो वाचला गेला आणि एकेक करत सगळे हात वर झाले. सर्वांत शेवटी नगराध्यक्षांचा.

बाई लोकांकडे वळल्या. "चमत्कार दिसला तर जरूर बघायला जा," त्या म्हणाल्या. "पण हात जोडण्याआधी विचारा, हे येतं कुठून? आणि कोणाच्या तोंडचं काढून येतं?"