कडेच्या फळीचा रंग

वर्ध्या, मधे बोलू नको, नुसतं ऐक. चहा गार झाला तर दुसरा सांगू. पंधरा दिवस हे माझ्या पोटात आहे आणि साताऱ्यात कुणाला सांगता येत नाही, म्हणून आज सुट्टी टाकून सांगलीची एसटी धरली.

तर राहीबाई आजी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला त्यांचं घर. मालक सुभेदार होते, मानसिंग नाव, तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगा वीरधवल पुण्यात, अकराव्या मजल्यावर. आई एकटी असते, मागं परसात बसायला नीट जागा नाही, म्हणून त्यानं मागच्या दाराला लाकडी डेक करून दिला. म्हणजे फळ्यांचा मोठा ओटाच म्हण, गुडघ्याच्या वर उंच, उतरायला तीन पायऱ्या. आजी त्याला माची म्हणायच्या. सुतार काम करून गेला आणि रंगाचं काम मामानं घेतलेलं, त्यानं मला एकट्यालाच पाठवलं.

पहिल्याच दिवशी वीरधवलदादांचा फोन. "श्रेयस, रंग आईला विचारून लाव. तिचं घर आहे, तिला आवडेल तो." चांगला माणूस आहे रे तो. आधीच सांगतो, नाहीतर पुढं तू त्याला शिव्या घालशील.

मी फळीच्या तीन तुकड्यांवर तीन रंग काढले. मधासारखा, गडद तपकिरी आणि राखाडी. उन्हात भिंतीला टेकवले. आजी चहा घेऊन आल्या. चहा ओतताना त्या कपात बोट बुडवून धरायच्या, मला जरा कसंतरी व्हायचं, पण म्हटलं जुनी माणसं. मी सूर्यास्तानंतर खात नाही हे कळल्यावर रोज पाच वाजता हाक मारायच्या, "दिवस हाय तंवर खाऊन घे." एकदा तर दुपारी तीनला आभाळ भरून आलं आणि मला म्हणाल्या, "दिवस बुडला की रं, उपाशीच ऱ्हायलास." मला वाटलं चेष्टा करतायत.

तर त्या तुकड्यांपुढं उभ्या राहिल्या. मान जरा तिरकी. मी विचारलं, "कंचा लावू, आजी?"

"मधला बरा. गडद हाय, मळ दिसायचा न्हाई."

आता बघ, तपकिरी तुकडा मधलाच होता, मी सकाळी तसं त्यांना सांगितलेलं. पण तो वाऱ्यानं पडला, ओल्या रंगाला माती लागली, म्हणून मी तो उलटा करून टेकवलेला. समोर नुसतं कोरं, पांढरट लाकूड.

मी म्हटलं, "आजी, मधल्याला रंगच न्हाई."

 त्यांनी हातानं चाचपत खुर्ची शोधली आणि बसल्या. मग म्हणाल्या, "बस हितं. कुणाला बोलू नगंस."

दीड वर्ष झालं म्हणे. समोर बघितलं की मधोमध धुरळा उठल्यासारखा. कडेकडेनं थोडं दिसतं. "तुजं कान दिसत्यात मला," म्हणाल्या, "त्वांड न्हाई. देखणा हाईस का न्हाईस, काय ठावं न्हाई."

"देखणाच हाय," मी म्हटलं.

"मंग लगीन का हुईना रं?"

हसलो दोघं. मग मी डॉक्टरचं विचारलं. रिक्षा करून एकट्याच गेल्या होत्या. डोळ्याचा मागचा पडदा वाळलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं त्यानं सांगितलं. दादांना का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी गाडी घिऊन दारात हुबा ऱ्हाईल. माया लय हाय त्याची. तीन आठवडं ऱ्हाऊन आलीया की मी पुण्यात. समदी दारं सारखी, समद्या भिंती पांढऱ्या. एकदा शेजाऱ्याच्याच कुलपात किल्ली घालत बसले. तितं मी आंधळी हाय, लेकरा. हितं न्हाई."

आणि खरंच रे. घरात गेल्या आणि सरळ फडताळापाशी जाऊन शेंगाचटणीचा डबा घेऊन आल्या, कुठं हात लावला नाही. बावीस वर्षं नवरा मिलिटरीत, घर एकटीनं सांभाळलेलं. कुठली फरशी हलते तेसुद्धा माहीत.

पण डेक नवा होता. आधी तिथं तीन दगडी पायऱ्या होत्या, सुभेदारांनी एका सुट्टीत स्वतः घातलेल्या. मधली डावीकडं कललेली. आजींचा पाय चाळीस वर्षं त्या कलण्यावर बरोब्बर पडायचा. लेकानं त्या उखडल्या, आईसाठीच. तेव्हापासून महिना झाला, आजी परसात उतरल्या नव्हत्या. कढीपत्त्याचं झाड चार पावलांवर, आणि शेजारच्या मंगलला हाक मारून दोन पानं मागायच्या. गुडघ्याचं कारण सांगायचं.

 दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात मी माझ्याजवळचे सगळे डबे उघडले आणि एकेक पट्टा तपकिरी फळीवर ओढत गेलो. लाल, न्हाई. हिरवा, न्हाई. पांढरा, वाईच. पिवळा ओढला आणि आजी मान तिरकी करून थांबल्या.

"ह्यो. ह्यो दिसतोय. हळदीच्या पाण्यागत."

मग सगळा डेक तपकिरी केला आणि कडेच्या फळीला आणि तिन्ही पायऱ्यांच्या काठाला दोन-दोन इंच पिवळा पट्टा मारला. वाळल्यावर आजी उतरल्या. परत चढल्या. परत उतरल्या. शाळेतल्या पोरीसारख्या किती वेळा केलं असेल. कढीपत्त्याची अख्खी फांदी मोडून आणली. मला म्हणाल्या, "बघत काय बसलाईस? मी काय तमाशा हाय?"

रविवारी दादा आले. मागच्या दारात उभे राहिले आणि हसायलाच लागले. "श्रेयस, हे काय, ट्रकचं फाळकं रंगवलंस का?" मग आईला म्हणाले, "आई, तू सांगितलंस हे?"

मी आजींकडं बघितलं. ओठावर आलं होतं माझ्या, खरंच. त्या माझ्या कानाकडं बघत होत्या.

"मी कशाला सांगू? उरलेला रंग आसंल पोराचा. काढ म्हणावं."

दादा रागावले नाहीत. डेकवर बसले, आईचे पाय मांडीवर घेतले. म्हणाले, "नखं किती वाढवलीयस गं." आणि आतनं नेलकटर आणून एकेक नख कापायला लागले, सावकाश, दुखू नये म्हणून फुंकर घालत. एवढ्या जवळनं आईला बघत होता आणि त्याला दिसत नव्हतं. आजी गडाकडं तोंड करून बसलेल्या. दादा म्हणाले, "आई, गड काय मस्त दिसतोय इथनं." आजी म्हणाल्या, "व्हय. हिरवागार झालाय." वर्ध्या, मे महिना होता. दादा म्हणाले, "आत्ता कुठला हिरवा?" तर म्हणतात, "होईल की."

सोमवारी मी पिवळ्यावर तपकिरी मारायला बसलो. एक हात मारला आणि हात थांबला. मग मागं बांधकामाची वाळू पडली होती ती मैद्याच्या चाळणीनं चाळली, तपकिरी रंगात कालवली आणि फक्त त्या कडेच्या फळीला आणि पायऱ्यांच्या काठाला लावली. डोळ्याला काही कळत नाही, सगळा डेक एकसारखा. हात फिरवला तर खरखर लागते.

वाळल्यावर आजींना हाक मारली. त्या अनवाणी आल्या, भिंतीचा हात सोडून. कडेला आल्या आणि अंगठा खरखरीत फळीवर पडला, तशा थांबल्या. बोटं पुढं-मागं केली.

"ह्ये काय रं?"

"वाळू हाय, आजी."

"आन् रंग?"

"तपकिरीच. दादांना काय कळायचं न्हाई."

 मग एकेक पायरी उतरून झाडापाशी गेल्या.

मामाला विचारलं, अशी वाळू किती टिकते. म्हणाला, उघड्यावर दोन पावसाळे, मग झिजते. आजींच्या डोळ्यांचं किती टिकेल ते मी कुणाला विचारू? निघायच्या दिवशी पाच वाजता जेवायला वाढलं त्यांनी. भाकरी देताना मनगट दिसलं. चार बोटं लांब भाजलेलं, ताजं. मी बघतोय हे कसं कळलं कोण जाणे, पदराखाली हात घेतला. "तवा तापला हुता. जेव तू."

आणि काल दादांचा फोन आला. काम आवडलं म्हणाले. मग म्हणाले, "श्रेयस, तू आठवडाभर होतास तिथं. मला ती फोनवर सगळं बरं आहे असंच सांगते. तुला आई कशी वाटली?"

मी म्हटलं, "बऱ्या आहेत."

फोन ठेवला तेव्हापासून ते मनगट डोळ्यांपुढनं हलत नाही. नंबर आहे माझ्याकडं, आत्तासुद्धा लावता येईल. तू माझ्या जागी असतास, वर्ध्या, तर काय सांगितलं असतंस त्यांना?