साधनाचं पाठ केलेलं वाक्य

"पुन्हा म्हणा, साधनाताई. आय लुक आफ्टर माय मदर-इन-लॉ." शेजारची गझाला मॅडम मोबाइल डब्याला टेकवून उभा करत होती. "लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. मुलाखतीत हे हमखास विचारतात."

"आठ दिवसापासून तेच तर घोकून राह्यली मी!" साधनाच्या तोंडाला कोरड पडली होती.

पडणार नाही तर काय! दारव्ह्यातली ही दोन खोल्यांची जागा महिनाअखेर सोडायची होती. नागपूरच्या वृद्धाश्रमात नोकरी लागली, तर राहायला खोली मिळणार होती, सासूलाही सोबत नेता येणार होतं. फक्त तिथल्या म्हाताऱ्यांची मुलं परदेशात. त्यांच्याशी इंग्रजीत बोलता यायला हवं.

आतल्या खोलीत सासू, इंदूबाई, आठ वर्षांपासून खाटेला खिळलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. वेळ झाली की ती स्टीलचा गिलास खाटेच्या दांडीवर वाजवायची. साधना कूस बदलायची आणि भिंतीवर खडूनं डावी-उजवी लिहून ठेवायची. आज मात्र म्हातारीनं सकाळीच सांगितलं होतं, "तू बिनधास्त बोल. मी नाई वाजवत गिलास."

अकराचा कॉल पावणेबाराला आला. नाव, वय, शिक्षण कसंबसं निभावलं. बारा वाजले, कूस बदलायची वेळ झाली. साधनाचे कान आतच लागलेले. बारा दहा झाले, तरी गिलास वाजेना. पडून पडून म्हातारीच्या पाठीवर झालेली जखम अजून ओली होती. जीव कसा थाऱ्यावर राहणार?

"हूम डू यू लुक आफ्टर अ‍ॅट होम?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

तोच प्रश्न! गझालाचा चेहरा खुलला. वाक्य साधनाच्या अगदी ओठांवर होतं. ती उठली आणि तडक आत गेली.

इंदूबाईनं पदराचा बोळा दातांत धरला होता. गिलास दोन्ही हातांनी छातीशी आवळलेला, डोळ्यांतून धारा.

"काहून आली वं? जाय ना! नोकरी जाईन तुही."

"गप राहा, आत्याबाई."

साधनानं तिची कूस वळवली. बाहेर गझाला "हॅलो, हॅलो मॅडम" करत राहिली. मग दाराशी आली.

"कट केला त्यांनी, ताई."

साधनाला रडू फुटणार होतं. तिनं ते गिळलं. जखम पुसली, पावडर लावली. भिंतीवर लिहिलं: डावी, सव्वाबारा. मग म्हातारीच्या मुठीतला गिलास सोडवला, तिला दोन घोट पाणी पाजलं आणि रिकामा गिलास पुन्हा तिच्या हाताशी ठेवला.

"सव्वादोनले वाजवजा," ती म्हणाली.