धातूच्या पोटातली झाडे

मित्रांनो, मी महाळुंग्याच्या एका फाउंड्रीतला जुना सूक्ष्मदर्शक आहे. इथे वितळलेले ॲल्युमिनियम साच्यात ओतून मोटरसायकलचे भाग बनवतात. धातू थिजू लागला की त्याच्या आत इवलीशी झाडे उगवतात. आधी खोड, मग खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. ते धातूचे स्फटिक. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. मी ते दाखवतो.

पूर्वी माझे फार कौतुक होते. मग कॅमेऱ्याचे नवे यंत्र आले आणि मी कपाटावर जाऊन बसलो. ते दुरुस्तीला गेले तेव्हा प्रयोगशाळेतल्या मिनलताईंनी मला खाली उतरवले, धूळ पुसली आणि म्हणाल्या, "बाबा रे, आता तूच!"

तेव्हा ब्रेकच्या पेडलचे भाग चाचणीत तडकत होते. ओतकाम उद्धवरावांचे. ते लातूरकडचे, इथल्याच भट्टीपुढे त्यांचे केस पिकले. मॅनेजर सुजितसाहेब त्यांना म्हणाले, "काका, तुमचा हात थरथरतो आता. पॅकिंगला बसा." उद्धवरावांनी हातमोजे काढून भट्टीशेजारी ठेवले.

मिनलताईंना हे पटले नाही. त्यांनी तडकलेला तुकडा आरशासारखा घासून माझ्याखाली ठेवला. जाड कोपऱ्यातली झाडे भलतीच माजली होती आणि फांद्यांमध्ये पोकळ्या राहिल्या होत्या.

"काका, बघा तरी."

उद्धवराव वाकले. "अगं, ही तर झाडं हायत!"

"हा कोपरा फार सावकाश निवतो, म्हणून ती अशी वाढतात. तुमच्या हाताचा दोष नाही."

मग ताईंनी संगणकावर तसेच झाड वाढवून पाहिले. किती वेगाने निववले तर फांद्या बारीक आणि दाट येतील, याचे गणित मांडले. त्या कोपऱ्यापाशी साच्याच्या भिंतीतल्या नळीतून गार पाणी खेळवले. पण पहिला डाव फसला. धातू वाटेतच थिजला आणि कोपरा अर्धवट राहिला. ताईंचे डोळे भरून आले.

"रडतीस कशाला, पोरी? भट्टी अजून पेटलेलीच हाय," उद्धवराव म्हणाले.

ताईंनी गणित पुन्हा मांडले. आता धातू पूर्ण भरल्यावरच पाणी सोडायचे ठरले. उद्धवरावांनी हातमोजे चढवले आणि ओतले. नवा तुकडा माझ्याखाली आला. बारीक, दाट, एकमेकांत गुंतलेल्या फांद्या! चाचणीतही भाग तडकला नाही.

सुजितसाहेब बराच वेळ माझ्यावर वाकून पाहत राहिले. "काका, चुकलं माझं. आत न बघताच बोललो."

"असू द्या. पर पॅकिंगचं नाव काढू नका राव," उद्धवराव हसले.

परवा कंपनीत कामगारांच्या घरच्यांना बोलावले होते. उद्धवराव आपल्या पत्नीला, कौशल्याबाईंना, थेट माझ्याकडे घेऊन आले. त्यांनी पदर सावरून माझ्या भिंगाला डोळा लावला. कितीतरी वेळ काढलाच नाही.

"आन् मला वाटायचं, तुमी नुसतं धुरात उभं ऱ्हाता," त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या भिंगाला मळके बोट लावू नका आणि बघून झाले की मला झाकून ठेवा. आपले माणूस दिवसभर काय घडवते, हे अजून पुष्कळ घरांना दाखवायचे राहिले आहे.