गोणपाटावरची पाच लेकरं

"भाभी, लेकरू इतकं झोपतं ते बरं नाही. डॉक्टरला दाखवा," असं शेजारच्या हमीदानं रोहिणीला एकदा सांगून पाहिलं होतं. रोहिणीनं ते हसण्यावारी नेलं. चार महिन्यांची मनवा दिवसभर निजायची, म्हणून तर रोहिणीला घरच्या घरी शिकवणीच्या वह्या तपासता यायच्या. धुळ्याच्या त्या दोन खोल्यांत पोरीला सांभाळायला सुनंदाअक्का होत्या. नवऱ्याच्या आजीची ही धाकटी बहीण, ऐंशी ओलांडलेली. त्यांच्या मांडीवर गेलं की बाळ निजलंच.

अक्कांजवळ माहेरचा एक अल्बम होता. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्या आजोबांनी दोंडाईच्याकडच्या शेतात फोटोवाला बोलावून कापसाची वेचणी टिपून घेतली होती. कागदाला कसर लागली, म्हणून रोहिणी एका दुपारी मोबाइलवर ते उतरवून घेत बसली. फोटोवाल्याचा कॅमेरा त्या काळचा, संथ. जे हललं ते पुसट. वेचणाऱ्या बायांचे हात पुसट, कुत्र्याची शेपटी पुसट. निंबाखाली गोणपाटावर ओळीनं निजवलेली पाच लेकरं मात्र नखांपर्यंत स्पष्ट. भर दिवसा.

एकही कसं हललं नाही, असं तिनं सहज विचारलं. अक्का कौतुकानं आपल्या अहिराणीत सांगू लागल्या.

"त्या मजूरनीस्ना पोरे. सकाये अफूनी गोळी चाटाडी, का सांजलोंग बठ्ठा गुपचूप." मग कडेच्या लेकरावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही एक मातर उठनी नही, अशी माय सांगे."

रोहिणीचा हात थांबला. तिनं पाळण्याकडे पाहिलं.

"अक्का, मनवाला काय देता?"

"आते अफू कोठे भेटस, माय? खोकलानं औषध देस. दोनच थेंब. तुन्हं काम व्हवाले पाहिजे ना."

रोहिणीनं पोरीचे तळवे चोळले, गाल थोपटले, पाणी शिंपडलं. पापणी हलेना. ओठ निळसर पडले होते. हमीदानं रिक्षा थांबवली.

आज चौथा दिवस. मनवा श्वास घेते, पण नळीनं. डॉक्टर अजून काही बोलत नाहीत. अक्का रडरड रडल्या, पुन्हा देणार नाही म्हणून पोरीची शपथ घेतली, आणि लीलाधरनं, रोहिणीच्या नवऱ्यानं, त्यांना भडगावला आपल्या भावाकडे पोचवलं. तिथं जाऊबाई हेमलताचं बाळ दोन महिन्यांचं.

रोहिणीनं फोन करून सगळं सांगितलं. हेमलता म्हणाली, "अहो, एवढ्या म्हाताऱ्या माणसावर कशाला आळ घेता? आमचं तर कालपासून रडलंसुद्धा नाही." त्यानंतर ती फोन उचलत नाही. लीलाधर म्हणतो, पुरे आता. नळी लावलेल्या लेकराला सोडून रोहिणीला जाता येत नाही.

म्हणून ती तुम्हालाच विनवते आहे. भडगावात गिरणा नदीच्या बाजूला, पिठाच्या चक्कीसमोर, हिरव्या दाराचं घर आहे. कुणीही जा. काहीही निमित्त काढा, पण बाळाला उचलून घ्या आणि ते डोळे उघडतं का, तेवढं बघा.