एक जूनच्या गयाबाई

सोमवारी सव्वाअकराला उज्वलाने गावाची यादी एका झटक्यात नव्या सिस्टीममध्ये चढवली, आणि दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या तीन गयाबाईंची एक गयाबाई झाली.

आवाज वगैरे काही झाला नाही. बाकावर जागा झाली, रांगेतली माणसं सरकून बसली.

तिघींतली एक उज्वलाची आई. सोमवार बीपी-शुगरचा, म्हणून गोळ्या न्यायला तिघी मिळून आल्या होत्या. आता जी बसली होती तिची हनुवटी आईची, गुडघा खालच्या आळीच्या गयाबाईचा, आणि खोकला मळ्यातल्या गयाबाईचा.

"माय?" उज्वलाने हाक मारली.

"काय गं उजे," ती म्हणाली. आणि त्याच श्वासात, "शोभे, म्हशीला पाणी दावलं का? आन् ह्यांनी गोळी घेतली का?"

उज्वला नोंदणीच्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर परत आली आणि तिने यादी उघडली. तीन हजार एकशे बारा माणसं. सिस्टीमला जन्मतारखेशिवाय माणूस चालत नव्हता. साहेबाच्या पोटी आलेल्याला जन्मतारीख असते. या बाया जन्मल्या तेव्हा दाराशी कागद घेऊन कुणी भडवा उभा नव्हता. मग शाळेत गुरुजी करत आले तेच उज्वलाने केलं होतं. तारीख ठाऊक नाही त्याला एक जून. साठीपुढच्या बायांना सालही एकच. वरच्या खान्यात टाकलं, कोपरा धरून खाली ओढलं, संपलं. नवऱ्याच्या नावाला सिस्टीमने खानाच ठेवला नव्हता. गयाबाई, खिल्लारे, गाव, एक जून. चारही जुळले की माणूस एक.

डॉक्टरीणबाई बीपी मोजत होत्या.

"मॅडम, तिघी एक झाल्या."

"बघितलं. बीपी छान आलंय पण. सरासरी निघाली."

"वेगळ्या करता येतील?"

"येतील. एकीची तारीख बदल, बाकीच्या आपोआप सुटतात. दोनच्या आत कर. दोनला जिल्हा लॉक करतो, मग आहे ते कायम."

"कुठली तारीख टाकू?"

"कुठलीही. कागद जोडावा लागतो फक्त. कागदावर असेल तीच घेतं ते."

साडेबाराला खालच्या आळीचा सटवाजी आला. त्याने बाईला नीट निरखलं आणि डावा हात धरला. "चल घरी."

"बाबा, ही माझी माय आहे," उज्वला म्हणाली.

"असंल की. पर चाळीस वर्सं माझ्याशी भांडती ही. बस म्हणलं की उठती. बघ." तो बाईला म्हणाला, "बस." ती उठली.

मळ्यातली सून शोभा आली. बाई खोकली तशी तिने मान हलवली. "खोकला आमचाच हाय. बाकीचं तुमचं तुम्ही वाटून घ्या. पर म्या घरी काय नेऊ, खोकला?"

कुणी हसलं नाही. शोभाने उजवा हात धरला. उज्वलाला धरायला हात उरला नाही.

एक वाजता बाईची हनुवटी रुंद झाली. सव्वाला तिने उज्वलाला विचारलं, "बाई, नंबर कधी लागंल?"

"माय, मी उजी."

"बरं," ती म्हणाली. "कुणाची?"

उज्वला शेजारच्याच आळीतल्या घरी पळत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. आधारवर एक जून. रेशनकार्डावर नुसतं वय. बँकेच्या पासबुकावर एक जून. शाळेचा दाखला नव्हता, कारण शाळा नव्हती. बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईचं नाव होतं, तारीख बापाची होती. सगळं आयुष्य पेटीत मावलं होतं, आणि त्यात आईची म्हणून एक तारीख नव्हती.

दोनला दहा कमी होते. तिने टेबलावरचे सकाळचे केसपेपर चाळले. आईचा सापडला: गयाबाई किसन खिल्लारे. खाली जांभळा शिक्का, शिक्क्यात आजची तारीख.

तिने कागद स्कॅन केला. तारीख टाकली. सिस्टीमने विचारलं, नोंद वेगळी करायची? तिने हो दाबलं.

बाहेर एकदम दोघींचा गलका झाला. सटवाजीची गयाबाई त्याच्यावर ओरडत होती, की गोळ्या घ्यायच्या सोडून हात काय धरून बसलास. शोभाची सासू खोकत पायरी उतरली. चौघं फाटकातून गेली.

बाकावर आईचं हिरवं लुगडं राहिलं होतं. ते हलत होतं. उज्वलाने एक पदर बाजूला केला, मग दुसरा. आत मुठी आवळलेलं, लालबुंद, तासाभराचं बाळ होतं. तिने उचललं. ओझं काहीच नव्हतं.

"आजचा जन्म ना?" डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात कोरा फॉर्म होता. "मुलगी. वजन नंतर करू. आईचं नाव सांग."

उज्वलाने लुगड्याचा पदर बाळाभोवती गुंडाळला.

"उज्वला, तो खाना रिकामा सोडता येत नाही."

बाळाने डोळे न उघडता मान वळवली आणि तोंड उघडून शोधू लागलं. उज्वलाने खाली पाहिलं. तिच्या कुर्त्यावर, छातीशी, ओला डाग पसरत होता.