फळीवरचं गिऱ्हाईक

“आधी डोकं ओलं, मग कंगवा,” बाबा म्हणाले आणि त्यांनी बादलीत कोपर बुडवून पाणी कितपत गरम आहे ते पाहिलं. “तीस वर्षं हेच करतोय. आता तू शिकवणार मला?”

“हो,” मी म्हणाले.

हे ‘हो’ तोंडातून निघालं तेव्हा सगळ्यात जास्त मीच दचकले. आमच्या घरात केसांच्या बाबतीत बाबांना कुणी काही शिकवत नाही. बादलीशेजारी मफलर उभा होता, शेपूट पायांत घालून, आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

मफलर आमचा कुत्रा. पिल्लू असताना बाबांच्या मानेभोवती वेटोळं घालून झोपायचा, म्हणून मफलर. अंगभर कुरळे केस, रंग दूध जास्त झालेल्या चहासारखा. त्याला घरात प्रवेश मिळाला तो एकाच गुणावर: त्याचे केस गळत नाहीत. आमचं दुकान खाली आणि घर वर. बाबांच्या सदऱ्यातून, चपलांतून, कानामागून लोकांचे केस जिना चढून येतात आणि आई ते वेचत बसते. “जगाचे केस वेचतेय ते पुरे झालं, त्यात कुत्र्याचे नकोत,” असं तिने आधीच बजावलं होतं. मग एका गिऱ्हाइकाने हे पिल्लू आणलं आणि सांगितलं, या जातीचा केस जमिनीवर सापडला तर मी मिशी काढून देईन. आईने महिनाभर फरशी शोधली. त्या माणसाची मिशी अजून शाबूत आहे.

आणि आज चार वाजता मफलर जाणार होता.

दोन महिन्यांपासून तो बिघडला होता. हात लावला की गुरगुर. कानाकडे हात गेला की दात. गेल्या आठवड्यात आई त्याच्या गळ्यात पट्टा अडकवत होती, तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं. दात चांगलेच रुतले. दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली. आई रडली नाही, ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, “दात दाखवणारं जनावर मला घरात नको.” आई ओरडते तेव्हा तिला मनवता येतं. हळू बोलते तेव्हा काही खरं नसतं. मग बाबांनी त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाला, घड्याळवाल्या काकांना विचारलं. ते घड्याळं दुरुस्त करतात, एकटे राहतात, घरामागे मोकळी जागा आहे. ते लगेच हो म्हणाले.

आठवडाभर बाबा या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. आज सुट्टी असूनही त्यांनी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि म्हणाले, “माझ्या दारातून कुणी विस्कटलेलं बाहेर पडत नाही. जायचंय ना, नीट होऊन जाईल.”

“पण पाणी नको, बाबा. मी सकाळी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन केला होता.”

“तो कशाला?”

“काकांना लिहून द्यायला. खायला काय, औषध कधी. तिथल्या ताईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, केस सोडवता ना रोज? मी म्हटलं, रोज नाही, पण बाबा दर आठवड्याला आंघोळ घालतात आणि मग विंचरतात. तर त्या म्हणाल्या, आंघोळ घालून मग? अगं बाई!”

“असं म्हणाल्या?”

“अस्सं.” मी कपाळावर हात मारून दाखवला. “म्हणाल्या, केस गळत नाहीत म्हणजे फक्त खाली पडत नाहीत. सुटलेला केस आतच कुरळ्यांत अडकून बसतो. त्या गुंत्यावर पाणी घातलं की तो आवळतो. वाळताना आणखी आवळतो. आधी कोरड्यावर सोडवायचं, पार मुळापर्यंत. मग आंघोळ.”

बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “टकळे, या तुझ्या ताईंनी डोकी किती कापलीत?”

टकळी हे माझं घरातलं नाव, कारण माझी टकळी घरी अखंड चालू असते. शाळेत मात्र गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. या वर्षी कुणीतरी झाकण उडवल्यासारखं झालंय. मनात येतं ते बाहेर येतंच.

“माणसांची एकही नाही,” मी म्हणाले. “तुम्ही कुत्र्यांची किती?”

बाबांनी माझ्याकडे आरशातून पाहिलं. राग आला की ते समोरासमोर बघत नाहीत, आरशातून बघतात. धंद्यामुळे लागलेली सवय. मग त्यांनी कंगवा घेतला आणि मफलरच्या पाठीवरून वरच्या वर फिरवला. “हे बघ. लोण्यातून चालल्यासारखा चाललाय. कुठाय गुंता?”

मी गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या खांद्यावरचे केस दोन्ही हातांनी बाजूला केले. वरचा बोटभर भाग मऊ, पिंजलेला, ढगासारखा. त्याखाली कातडी दिसायला हवी होती. ती दिसेचना. तिथे राखाडी रंगाचा दाट, सलग थर होता, दाबून बसवलेल्या जुन्या लोकरीच्या नमद्यासारखा. बाबांनी त्यात कंगव्याचे दात घातले. ते अर्ध्यातच अडले. मफलर गुरगुरला आणि बाबांनी हात मागे घेतला.

मग त्यांनी बादली उचलली आणि मोरीत ओतून आले.

बाबा चौदाव्या वर्षी या धंद्यात आले. पहिलं वर्षभर त्यांच्या उस्तादाने त्यांना कात्रीला हात लावू दिला नाही. नुसता झाडू आणि गरम पाणी. नंतर मात्र त्यांचा हात असा बसला, की लोक दाढी करता करता खुर्चीत घोरतात. बिछान्याला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे ते पेटी घेऊन जातात. कुणाच्या डोक्यात किती भोवरे, कुणाच्या कानामागे तीळ, सगळं पाठ. चेहरा विसरतील, डोकं विसरणार नाहीत. फक्त एक गोष्ट त्यांना जमत नाही: चुकलो म्हणणं. एखाद्याचे केस जास्त उडाले आणि तो आरशात बघून कासावीस झाला, तर बाबा त्याच्या मानेवर ब्रश फिरवत म्हणतात, “वाढतील.” संपला विषय. घरीसुद्धा तेच. एकदा ते आईच्या साडीवर इस्त्री विसरले, आणि तोंडातून ‘वाढेल’ निघता निघता राहिलं.

लहान मुलांना उंची मिळावी म्हणून खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकायची एक लाकडी फळी दुकानात आहे. ती बाबांनी पुसली, खुर्चीवर टाकली आणि मफलरला उचलून तिच्यावर बसवलं. समोर मी, दोन्ही हातांत त्याची हनुवटी धरून.

“हं,” बाबा म्हणाले. “आणखी काय म्हणाल्या त्या ताई?”

इतक्या साध्या आवाजात विचारलं त्यांनी, की मला एकदम डोळ्यांसमोर झाडू मारणारा मुलगा दिसला. मी वहीचं पान पुढे केलं. गाठीवर थोडं मक्याचं पीठ टाका, केस सरकतात. मुळाशी बोटांत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही. टोकाकडून सुरू करा. फारच आवळलं असेल तर जनावराचा छळ मांडू नका, सरळ मशीन लावा. मशीनचं पातं तापतं, ते आपल्या मनगटावर टेकवून बघत राहा.

पीठ मी वरून आईच्या नकळत आणलं. बाबांनी पायांपासून सुरुवात केली. सुटतील त्या गाठी सोडवल्या, सुटणार नाहीत तिथे मशीन घातलं. कातडी ताणून, पातं सपाट धरून, एवढ्या हळू की मला झोप यायला लागली. जे निघत होतं ते केसांसारखं निघतच नव्हतं. अख्खे तुकडे निघत होते, फाटक्या गोधडीसारखे. मफलर आधी थरथरत होता. मग एक बाजू मोकळी झाली आणि त्याने असा उसासा टाकला, की माझ्या तळहातांवर त्याच्या डोक्याचं सगळं वजन आलं.

“अरे, हा तर अर्धाच आहे,” मी म्हटलं. “बाकी नुसती गादी होती.”

बाबा हसले नाहीत. त्यांचा हात डाव्या कानाखाली पोचला होता.

तिथला गुंता चपलेच्या तळव्याएवढा जाड होता. मफलरने अंग चोरलं, ओठ वर गेला, एक सुळा दिसला. बाबा थांबले. त्याच्या पाठीवर हात ठेवून थांबून राहिले. मग पुन्हा एक बोट पुढे. पुन्हा थांबले. तेवढ्या एका तुकड्याला अर्धा तास तरी गेला असेल. शेवटी तो सबंध सुटून बाबांच्या हातात आला, आणि त्याच्या खाली कातडी लालभडक, ओलसर होती. सोललेल्या गुडघ्यासारखी.

“पट्ट्याचं बक्कल इथेच बसतं,” बाबा म्हणाले.

माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. आईने पट्टा आवळला, गुंता ओढला गेला, आणि आधीच सोललेली कातडी ताणली गेली. माझी वेणी कुणी दारात अडकवून दार ओढलं असतं, तर मीही चावले असते.

बाबांनी मशीन बंद केलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

“दर आठवड्याला मी पाणी घालून घालून हे आवळत होतो,” ते म्हणाले. “आणि हा गप्प बसून राहायचा. मला वाटायचं, काय शहाणं गिऱ्हाईक आहे.”

आता ‘वाढतील’ येणार म्हणून मी वाट बघत होते. ते आलं नाही.

“आईला बोलाव,” ते म्हणाले.

आई जिन्यातच थांबली. मनगटावरचे चार डाग आता जांभळे झाले होते. “अहो, तुम्ही त्याला सजवा, नटवा, काहीही करा. माझं मन बदलायचं नाही.”

“नको बदलूस. नुसतं बघून जा.”

ती खाली आली. तिने आधी जमिनीवरचा ढीग पाहिला, मग फळीवरचा बारकासा कुत्रा, मग कानाखालची ती जागा. तिचा हात आपोआप स्वतःच्या मनगटावर गेला.

“तो चावला हे खरं,” बाबा म्हणाले. आरशात न बघता, सरळ तिच्याकडे बघत. “पण त्याला हे माझ्या हातांनी झालंय. माझी चूक झाली.”

 आईने मनगटावरचा हात काढला. मग म्हणाली, “सतरा वर्षं झाली लग्नाला. पुन्हा म्हणा बघू.”

“काय?”

“आत्ता म्हणालात ते.”

“माझी चूक झाली.”

“टकळे, ऐकलंस ना? उद्या हे कानांवर हात ठेवतील.”

मी शपथेवर साक्ष द्यायला तयार झाले. पण आईचा चेहरा लगेच उतरला. “अहो, पण मला भीती वाटते त्याची. खरंच वाटते. हात पुढे करवत नाही.”

“नको करूस,” बाबा म्हणाले. “काका चारला येतायत. तू म्हणशील तसं.”

सगळं तिच्यावर आलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आई, प्लीज. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम तोंड बंद ठेवलं. आईने मफलरकडे पाहिलं. मफलरने आईकडे. तिने पदर खोचला आणि उजव्या कानाच्या बाजूने, दुखऱ्या नव्हे, दोन बोटं पुढे केली. त्याची हनुवटी मी अशी धरून होते, की बिचाऱ्याला मान वळवता येत नव्हती. बोटं टेकली. मफलरने तोंड उघडलं.

आणि प्रचंड मोठी जांभई दिली. सगळेच्या सगळे दात, पार दाढांपर्यंत.

आई आधी किंचाळली, मग भिंतीला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “असे दात चालतील,” ती म्हणाली. “पण आता रोज कंगवा. आणि तो कसा धरायचा ते ही टकळी सांगेल.” मी जागच्या जागी उडी मारली आणि कोपर फळीवर आपटून घेतलं.

दवाखान्यातल्या ताईंना पुन्हा फोन झाला. त्या म्हणाल्या, उघडं ठेवा, हवा लागू द्या, खाजवू देऊ नका, सकाळी घेऊन या, भरून येईल. ‘भरून येईल’ ऐकल्यावर बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि उगाचच आरसा पुसायला घेतला.

घड्याळवाले काका चारच्या ठोक्याला आले. हातात पिशवी, पिशवीत नवंकोरं लाल भांडं. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. काकांनी मफलरकडे पाहिलं. “हा तोच का? का धाकटा भाऊ?” मग म्हणाले, “बरं झालं. मला तरी सकाळी उठवणारं कुठे कुणी हवं होतं!” असं म्हणाले, पण पिशवीचे बंद त्यांनी बोटाभोवती दोनदा गुंडाळले. मग भांडं काढून, नळाखाली भरून, मफलरसमोर ठेवलं. “असू दे. मी अधूनमधून बघायला येईन.”

“रोज या. बसा आता,” बाबा म्हणाले. “केस वाढलेत तुमचे.”

“आज सुट्टी ना तुमची?”

“बसा हो.”

बाबांनी फळी काढली, खुर्ची झटकली आणि काकांच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. खाली मफलर लपालपा पाणी पीत होता. बाबांनी काकांच्या मानेवरच्या केसांत कंगवा घातला, आणि मध्येच थांबले.

“ओढलं जातंय का?”

काकांनी मिटलेले डोळे उघडले. “काय म्हणालात?”

“दुखतंय का, विचारलं.”

“थोडंसं,” काका म्हणाले. “तिथे नेहमीच दुखतं.”

“मग सांगायचं नाही का इतकी वर्षं?”

“तुम्ही कधी विचारलं नाही.”

बाबांनी हातातला कंगवा खाली ठेवला. खण उघडून, तळातून, रुंद दातांचा एक शोधून काढला.