शत्रुघ्नकाकांचा शुक्रवारचा फोटो

उर्वीने बुधवारीच शब्द दिला होता. शाळेच्या फोटोग्राफी क्लबबरोबर ती त्या जुन्या ख्रिस्ती मठात गेली होती. आता मठ कसला, एका व्यापाऱ्याने त्याचा कधीच बागबंगला करून टाकला होता आणि लोक तो बघायला येत. कमानींवर ऊन कधी उतरतं हे तिला सांगितलं ते माळी शत्रुघ्नकाकांनी. अकरा वर्षं ही बाग त्यांच्याच हातची. येत्या रविवारी हे आखातातलं कंत्राट संपवून ते कायमचे देवगडला निघाले होते.

"बायको म्हणता, वाळवंटात कसली बाग? एक फोटो काढ गो बाय. पण ह्या निळ्या युनिफॉर्मात नको."

म्हणून आज, सुट्टीच्या दिवशी, काका पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून शुवैखच्या कामगार वस्तीतून बसने आले, आणि वाट पाहणाऱ्या उर्वी नि तिच्या आईसमोर फाटकावरच अडकले.

"शुक्रवार को सिर्फ फॅमिली," पहारेकरी सर्फराज म्हणाला. "बॅचलर नहीं. अकेला मर्द अंदर नहीं."

"बॅचलर? इनके दो बच्चे हैं," उर्वीचा पारा चढला. "और ये बाग इन्होंने लगाया है."

"तो युनिफॉर्म में आए."

म्हणजे फावडं घेतलेला माणूस आत आणि शर्ट घातलेला बाहेर. आणि आत कोण, तर गवतावर चिप्सची पाकिटं फेकणारी 'फॅमिली'वाली मंडळी.

"ऱ्हवांदे गो," काका पुटपुटले. "युनिफॉर्म हाडलंय मी पिशवीत."

हे ऐकून तर ती जास्तच भडकली. "तो घातलात तर मी फोटोच काढणार नाही."

"उर्वी, तमाशा नको," असं मघापासून म्हणणाऱ्या आईने पिशवीतली ती निळी घडी पाहिली. गॉगल काढून ती सर्फराजला शांतपणे म्हणाली, "देवर हैं मेरे."

सर्फराज रोज काकांच्या शेजारी बसून डबा खायचा. त्याने काकांकडे पाहिलं, मग आईकडे. "ग्यारह साल में भाभी आज मिली, शत्रुघ्न?"

काकांनी ती निळी घडी पिशवीत आणखी खाली दाबली.

"दस मिनिट," म्हणत त्याने फाटक उघडलं.

घंटेच्या मनोऱ्यासमोर काका ताठ उभे राहिले. उर्वीने रागारागातच बटण दाबलं. पहिले तीन फोटो हलले.

"राग मगे कर गो. धाच मिनटां आसत."

चौथा लख्ख आला. मागे मनोरा, कमानी, बोगनवेल, पुढे काकांची कडक कॉलर. तेवढ्यात फाटकावरून वेळ संपल्याची सर्फराजची शिट्टी आली. उर्वीने मान वळवलीही नाही.

"बसा, काका," ती म्हणाली. "आता कारंज्यापाशी."